तीर्थनच्या काठाकाठाने

मे महिन्याची सुट्टी लागली की मराठी कुटुंबांची पावले हिमाचलकडे वळतात. पुण्या-मुंबईचे असोत, नागपूरचे असोत, की इंदूर-बडोद्याकडचे, बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. सिमला, कुल्लू, मनाली, एक दिवस बर्फात, एक दिवस मॉल रोडवर आणि उरलेला वेळ गाडीत. घरी परतल्यावर फोटो भरपूर असतात, शाली असतात, सफरचंदाचा जॅम असतो. पण हिमालयातल्या जंगलात आपण किती पावले चाललो, असे कुणी विचारले तर उत्तर देताना जरा अडखळायला होते.

यात दोष कुणाचा नसतो. बरोबर सत्तरीचे आजोबा असतात, गुडघे दुखणाऱ्या आजी असतात, सात-आठ वर्षांचे चिरंजीव असतात. ‘ट्रेकिंग’ म्हटले की डोळ्यांसमोर पाठीवरच्या अवजड पिशव्या, दोर आणि बर्फातले तंबू येतात. ते आपले काम नव्हे, असे म्हणून आपण गाडीच्या काचेतूनच देवदार पाहतो. पण त्याच कुल्लू जिल्ह्यात, मनालीच्या रस्त्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, नदीच्या काठाने जाणाऱ्या साध्या सोप्या पायवाटा आहेत. नदीचे नाव तीर्थन आणि जंगलाचे नाव ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क.

जागतिक वारशाचे जंगल

या राष्ट्रीय उद्यानाची पहिली अधिसूचना १९८४ साली निघाली आणि १९९९ साली त्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. क्षेत्रफळ सुमारे ७५४ चौरस किलोमीटर. २३ जून २०१४ रोजी युनेस्कोने या उद्यानाला, लगतच्या तीर्थन आणि सैंज अभयारण्यांसह, जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. खालच्या दऱ्या दोन हजार मीटरच्याही खाली आणि वरची शिखरे सहा हजार मीटरच्याही वर, असा हा प्रचंड चढता पट आहे. त्यामुळे एकाच खोऱ्यात चीड, बाण म्हणजे ओक, देवदार, त्याच्यावर राई आणि तोश नावाची उंच सूचिपर्णी झाडे, मग भूर्जपत्रांचे वृक्ष आणि शेवटी गवताची कुरणे असे एकावर एक मजले लागतात. पक्ष्यांच्या २०० हून अधिक जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा आहे. लाल, काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांचा हा रानकोंबड्याच्या कुळातला देखणा पक्षी जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. तो सहज दिसेल अशी आशा धरू नका. पण तो या जंगलात आहे, हे ठाऊक असले तरी पावले आपोआप हलकी पडतात.

उद्यानाच्या आतल्या वाटा म्हणजे चार-पाच दिवसांच्या कठीण मोहिमा. त्या सोडून द्या. कुटुंबासाठी आहे ती उद्यानाच्या पश्चिमेकडची पट्टी. तिला ‘इकोझोन’ म्हणतात. या पट्टीत दीडशेहून अधिक लहानमोठी गावे आणि वस्त्या आहेत. इथे शेते आहेत, सफरचंदाच्या बागा आहेत, लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक रचून बांधलेली काठकुणी पद्धतीची घरे आहेत आणि गावकऱ्यांच्या रोजच्या वापराच्या पायवाटा आहेत. ज्या वाटेने तिथली आजी पाठीवर गवताचा भारा घेऊन जाते, त्या वाटेने आपल्या आजीही काठी टेकत थोडे अंतर जाऊ शकतात.

कसे पोहोचाल?

चंदीगडहून मनालीकडे जाताना मंडी ओलांडली की बियास नदीची अरुंद घळ लागते. तिच्या शेवटी औट हे गाव आहे. मनालीची वाहने औटच्या लांब बोगद्यात शिरतात. आपण बोगद्यात न शिरता लारजीचा रस्ता धरायचा. लारजीजवळ सैंज आणि तीर्थन या दोन नद्या बियासला मिळतात. तिथून तीर्थनच्या काठाने वर गेले की बंजार हे तालुक्याचे गाव आणि त्याच्यापुढे साधारण दहा किलोमीटरवर गुशैणी. विमानाने येणाऱ्यांसाठी भुंतर हा जवळचा विमानतळ. औटपासून बंजारकडे जाणाऱ्या बसगाड्या मिळतात, जीपही मिळतात.

गुशैणीची उंची साधारण १६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकी. त्यामुळे विरळ हवेचा त्रास इथे सहसा होत नाही. गावात आणि आसपास घरगुती पद्धतीची राहण्याची सोय आहे. राजमा, सिड्डू, मक्याची रोटी असे साधे सकस जेवण मिळते. सिड्डू म्हणजे गव्हाच्या आंबवलेल्या पिठात सारण भरून वाफवलेला पदार्थ. त्यावर साजूक तूप घातले की आपल्या मुलांना तो परका वाटत नाही.

पहिली वाट : गुशैणी ते उद्यानाचे द्वार

ही या भागातली मुख्य वाट. गुशैणीत तीर्थनला पलाचन नावाचा ओढा येऊन मिळतो. तिथून तीर्थनच्या वरच्या अंगाला जाणारी वाट उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी पोहोचते. अंतर साधारण आठ किलोमीटर. सुरुवातीच्या भागात आता गाडीरस्ता झाला आहे, त्यामुळे तेवढे अंतर जीपने काटता येते. पुढे मात्र पायवाट. चढ आहे, पण तो असा हळूहळू की सिंहगड चढणाऱ्याला ही वाट जवळजवळ सपाटच वाटेल.

उजव्या-डाव्या हाताला नदी सतत सोबत असते. तिचा आवाज इतका मोठा की शेजारच्याशी बोलायचे तर थोडे जवळ जावे लागते. वाटेत अक्रोडाची झाडे, मधूनच एखादी वस्ती, पाण्यावर चालणारी जुनी पाणचक्की, लाकडी पूल. नदीतल्या खडकावर शेपटी सारखी उघड-मिट करणारा छोटा निळसर पक्षी दिसला तर मुलांना थांबवून दाखवा. त्याची शेपटी विटकरी रंगाची असते. तसाच दुसरा, डोक्यावर पांढरी टोपी घातल्यासारखा. आणि तपकिरी रंगाचा एक पक्षी तर चक्क वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाशी किडे शोधतो व पुन्हा त्याच दगडावर येऊन बसतो. हे तिन्ही पक्षी माणसाला फारसे बुजत नाहीत. त्यांच्यासाठी दुर्बीण लागत नाही, थोडा वेळ एका जागी बसण्याची तयारी लागते.

वाटेच्या कडेला एक वनस्पती मुलांना आधीच ओळखायला शिकवा. दातेरी पानांची, बारीक लव असलेली ही ‘बिच्छू बुटी’ आपल्या खाजकुयलीची चुलत बहीण शोभावी अशी आहे. तिचा स्पर्श झाला की विंचू चावल्यासारखी आग होते. आग काही वेळाने शमते, पण सहलीचा रंग बेरंग होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार हाच इथला योग्य पोशाख.

ज्यांना दमणूक नको, त्यांनी तीन-चार किलोमीटर जाऊन नदीकाठी डबा खावा आणि परत फिरावे. इथे शिखर गाठायचे नसते, त्यामुळे कुठूनही परतले तरी सहल पूर्णच होते. ज्यांचे पाय अजून उत्साहात असतील, त्यांनी द्वारापर्यंत जावे. द्वाराच्या आत, थोड्याच अंतरावर रोला नावाची मुक्कामाची जागा आहे. तिची उंची साधारण २१०० मीटर. रोलाच्या पुढे शिल्टकडे जाणारी वाट मात्र उभ्या चढाची आहे. लहान मुले आणि वडीलधारी बरोबर असताना तिथपर्यंतच समाधान मानावे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. द्वाराच्या आत जायचे तर परवाना लागतो. बंजार आणि गुशैणीच्या मध्ये साई रोपा येथे उद्यानाचे केंद्र आहे. तिथे ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून परवाना घ्यावा आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. शुल्काचे दर बदलत असतात, ते तिथेच विचारून घ्यावेत.

दुसरी वाट : छोई धबधबा

नागिणी गावाच्या परिसरातून, गाई धार या वस्तीवरून छोई धबधब्याकडे वाट जाते. अंतर थोडे, पण चढ पहिल्या वाटेपेक्षा अधिक. रमतगमत तासाभरात पोहोचता येते. चीडवृक्षांच्या वाळलेल्या सुया पायवाटेवर पसरलेल्या असतात आणि त्या कमालीच्या निसरड्या असतात. चपला, सपाट तळव्यांचे बूट इथे उपयोगाचे नाहीत. धबधब्याखालचे दगड शेवाळलेले असतात, तेव्हा फोटोसाठी पुढे जाण्याचा मोह आवरावा.

तिसरी वाट : चैहणीचा मनोरा

बंजारजवळ बागी येथे शृंगी ऋषींचे मंदिर आहे. रामायणातले हेच ते ऋष्यशृंग, ज्यांनी दशरथाकडून पुत्रकामेष्टी यज्ञ करवला, अशी इथली श्रद्धा. मंदिरापासून थोडी चढण चढून गेले की चैहणी गावातला दगड-लाकडाचा उंच मनोरा दिसतो. चुना किंवा सिमेंट न वापरता, देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटून-पालटून रचून तो उभा केला आहे. १९०५ साली कांगड्याला मोठा भूकंप झाला. त्यात मनोऱ्याचे वरचे मजले कोसळले, पण बाकीचा मनोरा आजही ताठ उभा आहे. लाकडाच्या तुळया भूकंपाचा हादरा पचवतात आणि दगडांना वजन असल्यामुळे थर जागचे हलत नाहीत, हे मुलांना तिथेच समजावून सांगता येते. मात्र देवस्थानाच्या वास्तूला हात लावण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारा. चामड्याचे पट्टे, पाकिटे याबाबत इथल्या देवळांचे नियम कडक असतात. पाळायला ते अवघड नाहीत, आणि पाळले तर लोक आपुलकीने बोलतात.

चौथी वाट : जलोडीहून सरेउलसर

ही वाट नदीकाठची नाही, पण या खोऱ्यात आल्यावर ती चुकवू नये. बंजारहून जिभी, शोजा करत गाडी जलोडी खिंडीत पोहोचते. उंची ३१०० मीटरच्या थोडी वर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तिथून ओकच्या घनदाट जंगलातून साधारण पाच किलोमीटरवर सरेउलसर तलाव आहे. वाट फारशी चढउताराची नाही. तलावाकाठी बूढी नागिणीचे मंदिर आहे. तलावात एखादे पान पडले तर एक पक्षी ते चटकन उचलून नेतो, म्हणून पाणी सदैव स्वच्छ असते, अशी कथा गावकरी सांगतात. पक्षी दिसो वा न दिसो, पाण्यात कचरा टाकायची हिंमत ही कथा ऐकल्यावर होत नाही, हे खरे.

उंचीमुळे इथे धाप लागते. ज्यांना हृदयविकार किंवा दमा आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि खोऱ्यात एक-दोन दिवस राहूनच वर यावे. हिवाळ्यात बर्फामुळे खिंड बंद असते.

नदीशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ८ जून २०१४ रोजी, म्हणजे या उद्यानाला जागतिक मान मिळाला त्याच महिन्यात, लारजी धरणाच्या खालच्या बाजूला थलौट येथे हैदराबादहून सहलीला आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा गट बियासच्या पात्रात उतरला होता. पाणी उथळ होते, मुले खडकांवर उभी राहून छायाचित्रे काढत होती. वर धरणातून पाणी सोडले गेले आणि काही क्षणांत नदी फुगली. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा सहलीचा एक सहाय्यक वाहून गेले. त्यांचे मृतदेह शोधण्याचे काम कित्येक दिवस चालले होते.

मैदानी नदी पाहत वाढलेल्या माणसाला डोंगरी नदीचा अंदाज येत नाही. आपल्या गोदावरीला पूर येतो तो हळूहळू चढत येतो, पायऱ्या मोजता येतात. डोंगरातली नदी पायऱ्या मोजू देत नाही. तीर्थनवर धरण नाही, त्यामुळे अचानक दार उघडण्याचा धोका नाही. पण तिचे पाणी बर्फाचे आहे. मे-जूनमध्ये दिवसभराच्या उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोहोचते तेव्हा दुपार उलटलेली असते. सकाळी ज्या दगडावर कोरड्या पायांनी गेलात, तोच दगड संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो. वर कुठे ढगफुटी झाली तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. जुलै २०२३ च्या पुरात शेजारच्या सैंज खोऱ्यातला सैंज बाजार उद्ध्वस्त झाला. २०२५ च्या पावसाळ्यातही कुल्लू जिल्ह्याने असेच तडाखे सोसले.

म्हणून काही नियम घरातूनच ठरवून निघावेत. पात्रातल्या दगडांवर जायचे नाही. पाय भिजवायचे असतील तर काठाच्या उथळ, संथ डबक्यात आणि मोठ्या माणसाचा हात धरूनच. पाणी एकदम गढूळ झाले, त्यातून काड्या-पाने वाहून येऊ लागली किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून उंच जागी जायचे. जुलै-ऑगस्टमध्ये या खोऱ्यात सहल आखायचीच नाही. मार्च ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये बुरांसची लालभडक फुले असतात, तर दिवाळीच्या सुट्टीत आकाश निरभ्र आणि नदी शांत असते.

बरोबर काय घ्याल?

घट्ट बसणारे, खाचांच्या तळव्याचे बूट. प्रत्येकासाठी एक गरम कपडा, भर मे महिन्यातही. हलका रेनकोट. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, चिक्की, दशम्या. बँड-एड, क्रेप बँडेज, नेहमीची औषधे आणि एक शिटी. शिटी मुलाच्या गळ्यात असावी; नदीच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, शिटी येते.

मुले बरोबर असताना तासाला दोन किलोमीटर हाच वेग धरावा. सर्वांत हळू चालणारा पुढे आणि सर्वांत दणकट माणूस मागे, हा क्रम ठेवला तर कुणी मागे पडत नाही. परतण्याची वेळ आधीच ठरवावी. दुपारी दीड-दोनला जिथे असाल तिथून मागे वळावे, कारण दरीत सूर्य लवकर डोंगराआड जातो. एकट्याने वाटेपासून दूर जाऊ नये, या जंगलात काळे अस्वल आहे. खरकटे, केळीची साले, वेष्टने सगळे पिशवीत घालून परत आणावे.

या जंगलाची किंमत कुणी मोजली?

नदीकाठी बसून डबा खाताना मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. हे जंगल आपल्याला असे आयते मिळालेले नाही. १९९९ साली उद्यान पक्के झाले तेव्हा इकोझोनमधल्या गावांचे आतल्या जंगलावरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क गेले. उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या कुरणांवर नेणे, औषधी मुळ्या आणि गुच्छी नावाचे महाग अळंबे गोळा करून विकणे, यावर त्यांची घरे चालत. ते बंद झाले. त्याच सुमारास पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी मात्र उद्यानाच्या आखणीतून सुमारे दहा चौरस किलोमीटर जमीन वगळण्यात आली. मेंढपाळाला बंदी आणि वीजप्रकल्पाला वाट, हा न्याय गावकऱ्यांना रुचला नाही, आणि रुचावा तरी कसा?

तरीही पुढे या खोऱ्यातले लोक नदीच्या बाजूने उभे राहिले. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तीर्थन आणि तिच्या उपनद्यांवर छोट्या वीजप्रकल्पांची रांगच लागणार होती. लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि तीर्थन मोकळी राहिली. बायकांनी बचतगट काढले, गांडूळखत विकले, जर्दाळूच्या बियांचे तेल काढले. तरुण मुले वाटाडे झाली. ज्याचे वडील जुजुराणाच्या जंगलात मेंढ्या चारत, तो मुलगा आज पाहुण्यांना त्या पक्ष्याचा आवाज ओळखायला शिकवतो.

म्हणून वाटाड्या घेणे हा केवळ नियमाचा भाग समजू नका. त्याला दिलेले पैसे थेट त्या घरात जातात, ज्या घराने जंगलावरचा हक्क सोडला आहे. मुक्कामही शक्यतो गावातल्या घरीच करावा. गेल्या काही वर्षांत नदीच्या अगदी काठाशी बांधकामे वाढू लागली आहेत. सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न खोली घेण्यापूर्वी आपण विचारू शकतो. पाहुण्यांनी विचारले की यजमान ऐकतात.

पुढच्या सहलीचा बेत आखताना मनालीतला एक दिवस कमी करा आणि तीर्थनकाठी दोन दिवस ठेवा. आजोबांना नदीकाठच्या सपाट दगडावर बसू द्या, आजींना गावातल्या बायकांशी मोडक्या हिंदीत गप्पा मारू द्या, मुलांना पायांनी अंतर मोजू द्या. गाडीतून पाहिलेला हिमालय सगळ्यांचा सारखाच असतो. चालून पाहिलेला मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि तो विसरला जात नाही.